डबा नंबराला लावून

आत्या, काल तुमचं उत्तरकार्य झालं. सगळं नीट पार पडलं बघा. पंगत वेळेत उठली, कुणी रुसलं नाही, कुणी भांडलं नाही, आणि आमटीला तुमच्याच कांदा-लसूण चटणीचा तांबडा रंग आला होता. तुम्ही असतात तर पहिल्या घासाला म्हणाला असतात, "मीठ कमी हाय." कमीच होतं. पण मी ते कुणापुढं कबूल केलं नाही.

आज श्रेया कॉलेजला गेली, डबे पोचते झाले, आणि घरात माझ्याशी वाद घालायला कुणी उरलं नाही. म्हणून लिहायला बसले. समोर असतात तर तुम्ही मला बोलू दिलं नसतंत. अर्ध्यात तोडून "मुद्द्याचं बोल की गं," म्हणाला असतात. आता ऐका गप.

काल पेठ वडगावच्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, "तुमी कोन म्हनायच्या म्हातारीच्या?" मी म्हटलं, "सून." ते पंगतीत वाढणाऱ्या पूजाकडं बोट दाखवून म्हणाले, "सून ती न्हवं का?" म्हटलं, "ती पण." पाहुण्यांचा घास हातातच राहिला. त्यांना कसं सांगायचं, की तुमच्या मुलाशी, विक्रमशी, माझा काडीमोड होऊन जमाना झाला, त्यानं दुसरं लग्न केलं ते या पूजाशी, आणि म्हातारी मात्र शेवटपर्यंत राहिली ती पहिल्या सुनेच्या घरी, राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर! मी त्यांना अजून एक बुंदीचा लाडू वाढला. त्यांनी विषय सोडला.

कबनूरचं घर आठवलं की मला आधी माग ऐकू येतात. खाली यंत्रमाग, वर आपण. शेजारी माग, समोर माग. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, या खडखडाटात झोप कशी लागायची? मग सवय झाली. विक्रमचा हात उठायला लागला, त्यालाही लोक सवयच म्हणत होते. "तापट हाय जरा, मनानं लई चांगला हाय." असेल. मला मन दिसायचं नाही, हात दिसायचा. माहेरी गेले तर भाऊ दोन दिवस ठेवून घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी स्वतः आणून सोडायचा, वर जावयाची माफी मागायचा.

तुम्ही मध्ये पडायचात. एकदा अशाच मध्ये पडलात आणि तुमच्याच हातातली बांगडी फुटून तुमच्या मनगटात रुतली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही लसूण सोलत बसला होतात, मनगटाला फडकं बांधून. माझ्याकडं न बघताच म्हणालात, "अश्वे, हितं वरडून उपेग न्हाई. माग चालू असत्यात."

मला वाटलं, तुम्ही मला गप्प बसायला सांगताय. डोकंच फिरलं माझं. "म्हणजे काय, मरू मी?"

तुम्ही सोललेली पाकळी ताटात टाकलीत. "मरायचं कशाला? जायाचं. पर कुटं जायाचं ते आदी बगून ठेवाय पायजे. मी बगितलं न्हवतं, म्हनून मी हितंच ऱ्हायलो."

भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. तुम्ही तिकडं बघितलं नाहीत, मीही बघितलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की या घरात मार खाणारी मी पहिली नाही. पुढं इतकी वर्षं आपण एका ताटात जेवलो, तुम्ही कधी जास्त सांगितलं नाहीत आणि मी कधी खोदलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

आणि मग आपण दोघींनी पहिला बेत घातला. अगदी आपल्या भागाला शोभेल असा! आपल्याकडं दवाखान्यात जायचं तरी पहिला प्रश्न काय असतो? "वळखीचं कोन हाय काय?" रेशनकार्डाला ओळख, शाळेत नाव घालायला ओळख, लग्नाचा हॉल धरायला ओळख. तर घरातून निघून जायलासुद्धा आपण ओळखीचा माणूस धरला. बंडू रिक्षावाला. तुमच्या हातचं जेवून वाढलेला, मला वैनी-वैनी करणारा. "बंडू पोटात ठेवतोय," तुम्ही म्हणालात. बंडू आणि विक्रम एका तालमीतले, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण त्याचाच तर आपल्याला भरवसा, घरातल्यासारखा माणूस म्हणून! काय अक्कल होती बघा आपली.

बंडूनं दगा दिला नाही हो. त्या बिचाऱ्यानं अगदी चांगल्या मनानं स्टँडच्या अलीकडं रिक्षा थांबवली आणि फोन लावला, "विक्या, वैनी रागानं निघाल्यात बग. ये लौकर, समजूत काड." विक्रम आला. गोड बोलला. श्रेयाला उचलून घेतलं. चहाच्या गाड्यावरची माणसं गोळा झाली. "वैनी, घरातलं घरात मिटवा की. पोरगी ल्हान हाय." सगळ्यांनी मिळून मला परत पाठवलं. बंडूनं भाडंसुद्धा घेतलं नाही. घरी पोचलो तेव्हा माग चालू होते.

त्यानंतर तुम्ही बरेच दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. मला वाटलं, म्हातारी खचली. कशाची खचतेय! उन्हाळा आला, बाजारात मिरच्या आल्या, आणि एक दिवस जेवताना तुम्ही विक्रमला म्हणालात, "आवंदा चटनी राजारामपुरीतल्या डंकावर कुटनार. हितला डंक तापतोय, चटनी काळी पडती."

"चटनी कुटाय कोल्लापूरला जातीस? याड लागलं काय?"

"तुला काळी चटनी चालती? चालत आसंल तर सांग."

विषय संपला. चटणीच्या बाबतीत तुमच्या नादाला लागायची कुणाची टाप होती? मिरचीचं देठ तुमच्या देखत खुडायचं, खोबरं तुमच्या हातानं भाजायचं, कांदा वाळला की नाही ते तुम्ही चुरून बघायचं. अख्ख्या गल्लीला तुमचं याड ठाऊक. त्यामुळं सासू-सून मिरच्यांचा डबा घेऊन एसटीत बसल्या, तर कुणाच्या मनात काही यायचं कारण नव्हतं.

डंकावर उन्हाळ्यात काय गर्दी असते! वर्षाची चटणी सगळ्यांना एकाच वेळी कुटून हवी. पण तिथं रांगेत माणूस उभा राहत नाही, डबा उभा राहतो. डब्यावर नाव घालायचं, नंबराला लावायचा, आणि मालक सांगेल तेव्हा यायचं. तो म्हणाला, "मावशी, ऊन उतरल्यावर या." तुम्ही पदर खोचलात आणि मला म्हणालात, "चल."

"कुठं?"

"दारं बगाय."

पहिलं दार पोलीस ठाण्याचं. मी बाहेरच घुटमळले. आपल्या घरातली बाई ठाण्याची पायरी कधी चढली होती? तुम्ही सरळ आत जाऊन महिलांच्या कक्षातल्या बाकावर बसलात. कॉन्स्टेबल मॅडमनं विचारलं, "काय काम आहे आजी?"

"काम न्हाई. बगाय आलोय."

"बघायला काय, प्रदर्शन आहे काय इथं?" त्या हसल्या.

"उद्या काम पडलं, तर कुनाकडं यायाचं ते बगाय आलोय. वरडत आल्यावर बगून काय उपेग?"

मॅडम हसायच्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग तुम्ही तुमचे तीन प्रश्न विचारलेत. तेच तीन प्रश्न तुम्ही पुढं प्रत्येक दारात विचारलेत. मला झोपेतसुद्धा पाठ आहेत. "दुपारच्याला तुमी जेवाय गेलासा तर हितं कोन असतंय? ऐतवारी कोन असतंय? आनि संगं पोरगी असली तर?"

मॅडमनी सगळं सांगितलं. दुपारी त्या नसल्या तर मागच्या खोलीत कोण बसतं, तेसुद्धा नेऊन दाखवलं. पुढच्या खेपेला तुम्ही त्यांच्यासाठी पुडीत चटणी बांधून नेलीत. "आजी, हे आम्हाला चालत नाही," त्या म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "मग वास तरी घे, आनि पुडी परत दे." मी तोंडाला पदर लावून हसले. त्या घरात हसायचं मी विसरलेच होते, ते ठाण्यात आठवलं.

सरकारी दवाखान्यात एक खोली असते, तिथं अशी बाई थेट येऊ शकते, दोन दिवस पोरासकट राहूही शकते, हे आपल्याला तिथं जाऊन कळलं. सरकारनं याच कामाला नेमलेला संरक्षण अधिकारी असतो, कोर्टात फुकट वकील मिळतो, हेही तोवर ना मला ठाऊक होतं ना तुम्हाला. एका खेपेत सगळं झालं नाही. पहिल्यांदा मिरची कुटायला, मग मसाला कुटायला, मग "तीळ जरा जाड ऱ्हायल्यात" म्हणून. विक्रम म्हणायचा, "आई, चटनी करतीस का लगीन?"

सगळीच दारं चांगली निघाली नाहीत. एका संस्थेत चष्मेवाल्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "आधी मिस्टरांना घेऊन या, दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालू." तुम्ही हात जोडलेत, बाहेर आलात आणि पायरीवरच म्हणालात, "ह्यो बंडूच हाय, खुर्चीवर बसलेला." ते दार तिथंच बाद झालं.

आणि एका कार्यालयाला तर कुलूपच होतं. जागा हलवली होती म्हणे. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मी वैतागून म्हटलं, "गेली फुकट खेप." तुम्ही मात्र खूश! "आज कुलूप घावलं ते बेस झालं. त्या दिवशी घावलं असतं म्हंजे?" मग विचारत विचारत नवी जागा हुडकून काढलीत, जिना चढून वर गेलात, तीन प्रश्न विचारलेत आणि मगच पाणी प्यायलात.

मी एकदा पत्ते लिहून घ्यायला लागले, तर तुम्ही पेनच काढून घेतलंत. "लिवायचं न्हाई. घरात घावंल. चालून बग, पाय इसरत न्हाईत." आणि दुसरं तुमचं पालुपद, "वळखीचा नको. ज्येचं कामच त्ये हाय, असा पायजे." आयुष्यभर ओळखीवर जगलेल्या बाईनं हे म्हणायचं म्हणजे केवढी गोष्ट होती, ते मला फार उशिरा उमगलं.

ऊन उतरलं की आपण डंकावर यायचो. आपला डबा पुढं सरकलेला असायचा. तिथं मिरचीच्या धुरळ्यात उभं राहायचं, शिंकायचं, डोळे पुसायचे. डंकावर जाऊन आलेल्या बाईला कुणी विचारत नाही, का रडलीस म्हणून. मी तिथं किती रडले आत्या! आणि तुम्ही नुसतं म्हणायचात, "रड रड. आज फुकाट हाय."

मग माझे आणि श्रेयाचे दोन-दोन कपडे, तिचे शाळेचे कागद, सगळं तुम्ही रिकाम्या मिरचीच्या पोत्यात घालून माळ्यावर टाकलंत. "त्यात कोन हात घालतंय?" खरंच कुणी घातला नाही. श्रेया अजून सांगते, की दवाखान्यातल्या त्या खोलीत पहिल्या दिवशी फ्रॉक घातला आणि ती संध्याकाळपर्यंत शिंकत होती.

तो दिवस गणपती उठल्यानंतरचा. सकाळी विक्रमनं पहिल्यांदा श्रेयावर हात उचलला. दुपारी तो खाली मागावर गेला आणि तुम्ही पोतं काढून माझ्या पुढ्यात ठेवलंत. "ऊठ. मी खाली जाऊन त्येच्यासंगं सुताचं भांडान काढतो. त्यो वर यायचा न्हाई."

"आत्या, तुम्ही?"

"माजं बगू मागनं. ऊठ की!"

खाली तुमचा आवाज मागापेक्षा मोठा झाला होता. मी श्रेयाला घेऊन मागच्या जिन्यानं उतरले. रिक्षा केली नाही, एसटीत बसले. कंडक्टर कुणाच्या तालमीतला नव्हता, त्यानं फक्त तिकीट दिलं. डोकं नुसतं बधिर झालं होतं, पण कोल्हापुरात उतरल्यावर पाय आपोआप चालायला लागले. ठाण्यात पोचले तर मॅडमची खुर्ची रिकामी. जेवायची सुट्टी! दुसरी कुणी असती तर तिथूनच परत फिरली असती. मी सरळ मागच्या खोलीत गेले, कारण तुम्ही विचारून ठेवलं होतंत. तिथल्या ताई म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या आधी." आत्या, त्या पाण्याची चव अजून माझ्या तोंडात आहे.

पुढचं सगळं त्या-त्या दारातल्या माणसांनी केलं. ज्याचं जे काम, ते त्यानं केलं. अडलं, रखडलं, हेलपाटे पडले, पण झालं. विक्रमनं माझ्या दाराशी यायचं नाही असा कोर्टाचा कागद मिळाला, राजारामपुरीत खोली मिळाली. आणि एक दिवस दार वाजलं. उघडलं तर तुम्ही. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत चटणीची बरणी.

"मी बी आलो."

मी म्हटलं, "आणि त्याचं जेवण?"

"खानावळीचा डबा लावलाय. मिठाला कमी असतोय. खाईल."

कुणाच्या सासूनं असं केलं असेल? मी अजून एकीचंही ऐकलेलं नाही. भावकी तुम्हाला काय काय बोलली! पोटच्या पोराला सोडून परक्याच्या पोरीकडं गेली म्हणाले. तुम्ही एकालाच उत्तर दिलंत, "माजी नात तितं हाय." बाकीच्यांना चटणीसुद्धा दिली नाहीत.

चांगली वर्षं गेली आत्या आपली. मोठं काही झालं नाही, आणि तेच चांगलं होतं. क्लासला येणाऱ्या पोरांचे डबे सुरू केले, तुमच्या चटणीनं ते नावारूपाला आले. संध्याकाळी तुम्ही गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांना शिव्या घालायचात, श्रेया तुमच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करतेय असं भासवायची. आणि तुमची ती रोजची भुणभुण, "अश्वे, दाराची कडी अडतीया, त्याल घाल." मी म्हणायचे, "अडू दे, चोराला तरी त्रास होईल." वर्षानुवर्षं हाच संवाद. आपलं सगळ्यात जुनं भांडण हेच.

पण सगळ्यात मोठं भांडण वेगळं होतं, आणि ते मिटवायच्या आत तुम्ही निघून गेलात. विक्रमनं लग्न केलं. "सुधारला" म्हणाले लोक. मी म्हटलं, सुधारू दे, मला काय त्याचं? पण दोन उन्हाळ्यांमागं तुम्ही पूजाला बोलावणं धाडलंत. चटणीला! माझ्या घरी, माझ्या मिरच्या, आणि त्या घरी बरणी भरून जायची. मी भडकले. "ज्यानं तुमचं मनगट फाडलं, त्याच्या ताटात चटणी वाढायला निघालात?"

"पोटचं हाय," तुम्ही म्हणालात.

"आणि मी?"

"तू डब्याचं बग. आमी डंकावर जाऊन येतो."

आमी! म्हणजे तुम्ही आणि ती. तिची पोरगी कडेवर. मला नेलं नाहीत. यंदाही नाही नेलंत. जाताना दोघी हसत जायचात, येताना डोळे लाल करून यायचात, आणि मी आतून भांडी आपटायचे. श्रेया म्हणाली, "आई, तू आजीवर जळतेस." जळत होते, मग? डंक माझा होता. तुम्ही एकदा म्हणालात, "अश्वे, तुला येक इचारायचं हाय." मी म्हटलं, "मला काही ऐकायचं नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. "बरं" म्हणणाऱ्यातल्या तुम्ही नव्हेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तर काल. पंगती उठल्यावर खालच्या हॉलमधली भांडी ठेवायला पूजा वर आली, पोरगी पदराला धरून. विक्रम खाली पाहुण्यांना निरोप देत होता. कोर्टाच्या कागदापासून तो आपला जिना चढत नाही. मी तुटकपणानंच म्हटलं, "चटणी हवी असेल तर बरणी फळीवर आहे."

"चटनी नको ओ ताई," ती म्हणाली. "आत्यांनी सगळी दारं दावल्यात मला. येकच ऱ्हायलंय."

मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. "कसली दारं?"

ती सांगायला लागली. डंकावरून निघून ठाण्यात कुठल्या बाजूनं शिरायचं. दवाखान्यातली खोली. "त्ये कार्यालय आता परत हाललंय ताई. आत्यांनी नवं हुडाकलं, जिना चढून दमल्या, तरी आल्या." यंदाच्या उन्हाळ्यात, आत्या? त्या गुडघ्यांनी?

मी विचारलं, "हात उचलतो काय गं तो?"

"न्हाई. अजून न्हाई. मागल्या म्हैन्यात ताट फेकलं. त्येवढंच."

तेवढंच. ते तेवढंच केवढं असतं, हे या घरात मला आणि तुम्हाला सोडून कुणाला ठाऊक असणार?

"आत्या म्हनल्या, तो सुदारला तर ग्वाडच हाय. दार ठाऊक असलं म्हनून काय बिगाडतंय?" पूजानं पोरीच्या तोंडाला लागलेली बुंदी पुसली. "आनि म्हनल्या, शेवटचं दार अश्वीचं. पर त्ये मी न्हाई दावायची, तिचं तिनं दावायचं. ती रागात हाय, तिला इचारतो म्हनल्या. मग... इचारायचं ऱ्हायलंच वाटतं."

आत्या, मी तिथंच ओट्याला धरून रडले. डंकावर रडायचे तशी, नाक वाहीपर्यंत. आणि रडता रडता तुमचा असा राग आला! सांगायचं होतंत की! दोन वर्षं मला जळत ठेवलंत. पण मग माझं मलाच आठवलं. तुमचा नियमच होता, एकीचं दुसरीला सांगायचं नाही. माझ्या वेळी तुम्ही माझ्या भावालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हतात, तेव्हा हा नियम मला किती गोड लागला होता! तिचंही तसंच राखलंत. माझ्यापासूनसुद्धा. ठीक आहे, भांडणात तुम्ही जिंकलात. एवढं लेखी देते, परत देणार नाही.

मी तोंड धुतलं आणि म्हटलं, "बघून घे दार."

तुमची शिकवण बघा कशी! ती ना गळ्यात पडली, ना रडली. पोरीला खाली ठेवलं, दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, दुपारच्याला हितं कोन असतंय?"

"मी. डबे पोचवून आले की घरातच असते."

"ऐतवारी?"

"ऐतवारी डबे बंद. मी असते, श्रेया असते."

"आनि संगं पोरगी असली तर?"

तिची पोरगी तोवर तुमच्या गॅलरीतल्या खुर्चीत चढून बसली होती आणि खालच्या गाड्या बघत होती. मी म्हटलं, "ती तर बसली पण."

"त्यास्नी ह्ये दार ठाऊक हाय की पर."

"असू दे. या दाराला ठाण्यातल्या मॅडम ठाऊक आहेत. तू फक्त इथवर ये. पुढं दोघी मिळून जाऊ."

तिनं मान हलवली. मग स्वतःच्या हातानं कडी लावली, काढली, परत लावली, परत काढली. दुसऱ्यांदा ती अडली. पूजानं वळून माझ्याकडं बघितलं. अगदी तुमचा आवाज, आत्या, अगदी तुमचा.

"कडी अडतीया ताई. त्याल घाला हिला."

सकाळी उठल्या उठल्या आधी ते काम केलं, मग चहा ठेवला. आता एका बोटानं उघडते.